पोंगा हातात आला म्हणजे पाम मेला का?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तीन वर्षांपूर्वी जमिनीत लावलेला एक वॉशिंग्टोनिया रोबुस्टा पाम, त्याच्याच वयाचा एक क्वीन पाम आणि कुंडीतला अरेका. लागोपाठ दोन रात्री पारा उणे 6 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, त्याआधी दिवसभर पाऊस होता. आठवडाभरात वॉशिंग्टोनियाच्या सगळ्या झावळ्या वाळल्या, क्वीन पामच्या निम्म्या करपल्या आणि अरेका पुरता तपकिरी झाला. वॉशिंग्टोनियाचा मधला पोंगा, म्हणजे अजून न उलगडलेली नवी झावळी, जरा ओढून पाहिला तर तो हातातच आला. त्याचं खालचं टोक बुळबुळीत होतं आणि घाण वास येत होता. शेजारी सांगतात, सगळ्या झावळ्या छाटा आणि भरपूर खत-पाणी द्या. तुमचा प्रश्न: झाडं मेली का, आणि शेजाऱ्यांचं ऐकायचं का?

ऐकू नका. निदान आत्ता तरी नाही. आणि झाडं मेली की नाहीत, हे फोटो पाहून आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. अंदाज मात्र देता येतो. वॉशिंग्टोनिया वाचण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त धरतो, क्वीन पामची त्याहून कमी, जरी आज तो दिसायला बरा असला तरी. अरेकाचं वरचं सगळं गेलं आहे, बुडातून काही येतं का एवढंच बघायचं.

दिसायला वाईट असलेल्या झाडाला मी जास्त गुण का देतो, हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडेल. तुम्ही पानांकडे बघताय. पामच्या बाबतीत पानं ही झालेल्या नुकसानीची नोंद असते, झाडाचं भवितव्य ठरतं ते कोंबात. आंबा-लिंबासारख्या झाडाला खोडावर, फांद्यांवर शेकडो डोळे असतात. शेंडा गेला तर खालून फूट येते. एकखोडी पामला वाढीचा बिंदू, म्हणजेच हा कोंब, एकच असतो, खोडाच्या टोकाशी, झावळ्यांच्या देठांच्या आत खोल दडलेला. तो मेला की ते खोड संपलं. मग बुंधा कितीही हिरवागार आणि टणक दिसो. उलट, एकूण एक पान जळून गेलं आणि कोंब शाबूत असला, तर झाड पुन्हा झावळ्यांचा मुकुट उभा करतं.

हा कोंब थंडीने सरळ मरतो असंही नेहमी होत नाही. गोठताना बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत बनतो आणि पेशींमधलं पाणी ओढून घेतो. पेशी सुकतात, त्यांची आवरणं फाटतात. बर्फ वितळला की तो भाग पाणी सुटल्यासारखा ओलसर, काळपट दिसतो आणि काही दिवसांत तपकिरी होतो. पोंग्याचं बूड हा सगळ्यात कोवळा आणि पाणीदार भाग, म्हणून तो लवकर जातो. मेलेल्या त्या ओल्या मऊ गाभ्यावर बुरशी आणि जिवाणू तुटून पडतात आणि हळूहळू खाली कोंबाकडे सरकतात. तुमच्या हाताला लागलेला बुळबुळीतपणा तोच. म्हणजे थंडीने जे अर्धवट केलं ते कुज पुढच्या तीन-चार आठवड्यांत पूर्ण करते. आपल्याला लढता येतं ते या कुजीशी, कारण थंडी तर येऊन गेली.

आता किती वाचेल हे कशावर अवलंबून आहे? पारा किती उतरला एवढ्यावर नक्कीच नाही. उणे 6 ला पहाटे तासभर टेकून वर आला, की रात्रभर तिथेच बसून राहिला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुकुटात पाणी साचलेलं असताना गोठलं की नुकसान वाढतं, आणि तुमच्याकडे नेमका आदल्या दिवशी पाऊस होता. आधीचे पंधरा दिवस उबदार गेले असतील तर झाड वाढीच्या भरात असतं आणि बेसावध सापडतं. तेच हळूहळू थंडावत गेलेल्या हंगामात दोन अंश जास्त सोसतं. कोवळी रोपं खोड धरलेल्या झाडांपेक्षा नाजूक असतात, आणि नुकतंच हलवून लावलेलं झाड मुळं बसेपर्यंत आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या खालीच असतं. तुमच्या झाडांना तीन वर्षं झाली, म्हणजे हा मुद्दा तुमच्या बाजूने आहे.

शिवाय जात. वॉशिंग्टोनिया रोबुस्टाची पानं साधारण उणे 5 च्या आसपास भाजतात, पण जिवावर बेतायला बहुधा आणखी दोन-तीन अंश खाली जावं लागतं. त्यामुळे तुमच्या झाडाची पानं सगळी जाणं अपेक्षितच होतं. क्वीन पामचं तसं नाही. उणे 4 ते 6 या पट्ट्यातच त्याचा कोंब धोक्यात येतो. पान थोडं हिरवं राहिलं तरी आत काय झालं ते उशिरा कळतं. म्हणून मी त्याच्याबद्दल साशंक आहे. अरेका तर शून्याच्या खाली एक-दोन अंशांतच पानं टाकतो.

आता हातातल्या कामाकडे वळतो. वॉशिंग्टोनियापासून सुरुवात करा. पोंगा निघालाच आहे, तर त्या पोकळीत जे सैल, मऊ, वास मारणारं आहे ते चमच्याने किंवा लांब चिमट्याने अलगद काढा. जे घट्ट आहे त्याला ओढू नका, खरवडू नका. मग पोकळीत तांब्याचं बुरशीनाशक ओता. कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा कॉपर हायड्रॉक्साईड, जे मिळेल ते, लेबलवर दिलेल्या मात्रेत. मुकुटाचा गाभा भिजेल इतकं द्यायचं, पानांवर शिंपडून काही होत नाही. सात ते दहा दिवसांनी एकदा पुन्हा. त्यानंतर थांबा. तांबं साचत जातं आणि पामला इजा करतं, म्हणून दोनदा पुरे. क्वीन पामचा पोंगा अजून घट्ट असेल तरी त्यालाही हेच द्या, आधीची खबरदारी म्हणून. पोंगा रोज ओढून बघायची सवय मात्र सोडा. जो टिकला असता तो बोटांनीच सैल होतो.

बरेच जण पोकळीत हायड्रोजन पेरॉक्साईड ओततात. 3 टक्क्यांचं वापरलं तर हरकत नाही, गाळ वर यायला मदत होते. पण फेस येतो म्हणजे कुज आहे असं समजू नका, जिवंत भागावरही फेस येतो. आणि त्याचा परिणाम काही मिनिटांचा, तांबं मागे राहतं. मी दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर तांबंच घेईन.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे मुकुट कोरडा ठेवणं. पाऊस असेल तर वर तिरपं छप्पर करा, हवा मात्र चारी बाजूंनी खेळू द्या. प्लास्टिक गुंडाळून ठेवलं तर आत वाफ धरते आणि कुजीला मेजवानी मिळते. पाणी द्यायचं ते आळ्यात, वरून नाही. तेही माती हाताला कोरडी लागली तरच, कारण पानं नसलेलं झाड पाणी फारसं उचलत नाही.

झावळ्यांचं काय? थंडीचा मोसम पुरता सरेपर्यंत एकही छाटू नका. अर्धं हिरवं पान अर्धं अन्न बनवतं, आणि पानं गमावलेल्या झाडाला त्या अर्ध्याचीही गरज असते. पूर्ण वाळलेल्या झावळ्यासुद्धा पुढच्या थंड रात्री कोंबाभोवती पांघरूण धरून राहतात. मोसम गेल्यावर पूर्ण तपकिरी झालेल्या तेवढ्या काढा, आणि कापताना खोडाला जखम करू नका. का ते पुढे सांगतो. एक अपवाद आहे. देठांची बुडं सडून मुकुटात पाणी धरत असतील तर तेवढी आधी काढलेली बरी.

खत तर मुळीच नको. थंड मातीत मुळं जवळपास झोपलेली असतात. नत्र वाया जाईल, किंवा एखादी ऊब आली की कोवळी फूट काढेल आणि पुढच्या गारठ्यात तीही जाईल.

मग कळणार कसं? वॉशिंग्टोनियात पोकळी, क्वीन पाममध्ये पोंगा. जिथे पोंगा शाबूत आहे तिथे न पुसणाऱ्या पेनाने एक आडवी रेघ मारा, अशी की ती पोंग्यावरही येईल आणि शेजारच्या जुन्या देठावरही. माती उबदार झाल्यावर दर आठवड्याला बघा. पोंग्यावरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकली तर कोंब जिवंत आहे. नुसत्या डोळ्यांनी एक-दोन सेंटिमीटरची वाढ ओळखू येत नाही, रेघ खोटं बोलत नाही. पोंगा निघालेल्या झाडात पोकळीच्या तळाशी फिकट, पांढरट-हिरवं टोक वर येताना दिसतं का ते बघायचं. रात्री उबदार झाल्यावरही दोन-तीन महिने काहीच हललं नाही तरच आशा सोडायला सुरुवात करा. काही झाडं त्याहून जास्त वेळ घेतात, म्हणून माझ्या हाताखाली मी घाईने कुऱ्हाड चालवू देत नाही.

पहिली एक-दोन पानं बाहेर आली की बहुतेकांना धक्का बसतो. ती आखूड असतात, चुरगळलेली, टोकं कापल्यासारखी, कधी अर्धी तपकिरी. हा नवा रोग नव्हे. पामचं पान कोंबात फार आधी जन्मतं. नारळात तर ते बाहेर दिसेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ जातो. थंडीत जी पिल्लं आत होती त्यांच्यावरचा वण ती बाहेर घेऊन येतात. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा बरं येत असेल तर झाड योग्य वाटेवर आहे. याच काळात नवी पानं फिकट, पिवळट आणि झिजल्यासारखी आली तर ते बहुधा मंगल म्हणजे मँगनीजच्या कमतरतेचं असतं. थंड मातीतून मुळांना ते उचलता येत नाही. माती तापली की सहसा आपोआप सुधारतं.

आता त्या जखमेबद्दल, कारण इथेच लोक फसतात. पामच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये नवं लाकूड बनवणारा थर नसतो. पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात आणि ते एकदाच बनतात. खोडाला झालेली इजा कधीच भरून निघत नाही, मग ती करवतीची असो की बर्फाची. थंडीने त्यातले काही जुडगे मेले, तरी झाड वसंतात नवी पानं काढतं, कारण तेव्हा पाण्याची मागणी कमी असते. खरी परीक्षा उन्हाळ्यात. मुकुट मोठा झाला, उष्मा वाढला, आणि उरलेल्या नळ्यांना तेवढं पाणी वर चढवता आलं नाही की हिरवं दिसणारं झाड आठवड्याभरात कोसळतं. लोकांना वाटतं काही नवीन रोग आला. म्हणून यंदाच्या पहिल्या कडक उन्हाळ्यात आळं ओलं राहील याची काळजी घ्या, आच्छादन घाला, आणि झाड त्यातून पार पडेपर्यंत 'वाचलं' असं म्हणू नका.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळालं. सॅन अँटोनियोला पारा उणे 12-13 पर्यंत आणि ह्यूस्टनला उणे 10 च्या खाली गेला होता. रस्त्याकडेचे उंच वॉशिंग्टोनिया रोबुस्टा मोठ्या संख्येने मेले, तर त्याच भागातले मूळचे सॅबल पाम बहुतेक टिकले.

अरेकाचा हिशेब वेगळा, कारण तो बेटाने वाढतो. प्रत्येक खोडाला आपला कोंब असतो, आणि बुडात झोपलेले फुटवे असू शकतात. वरचं मेलं तरी कुंडी सरळ आत घ्या, उजेडात आणि उबेत ठेवा, पाणी जेमतेम द्या. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते आणि पामची मुळं पानांपेक्षाही नाजूक असतात, त्यामुळे जमिनीतल्या अरेकापेक्षा याची आशा कमी. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत बुडातून काही आलं नाही तर कुंडी मोकळी करा.

पुढच्या हिवाळ्याची तयारी कोणत्या प्रकारच्या थंडीशी गाठ आहे त्यावर ठरते. एक, निरभ्र आणि वारा नसलेली रात्र. जमीन आणि पानं आपली ऊब आकाशात टाकतात, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंश गार होतं. म्हणून तापमापक शून्याच्या वर 1 अंश दाखवत असतानाही उघड्यावरच्या पानांवर दहिवर गोठलेलं असतं. अशा रात्री मोठ्या झाडाची सावली, घराची वळचण, ऊन खाऊन तापलेली भिंत किंवा साधं कापडही खूप काही करून जातं. दुसरी, वाऱ्यासोबत येणारी थंड हवेची लाट. तिथे साठवायला ऊबच शिल्लक नसते, त्यामुळे नुसतं पांघरूण थोडा वेळ मिळवून देतं इतकंच. आतून ऊब द्यावी लागते.

पांघरूण घालायचं तर जमिनीपर्यंत सोडा. ऊब जमिनीतून येते, झाडातून नाही. मुकुटाला गाठोडं बांधून खोड उघडं ठेवण्याने फक्त वारा अडतो. झावळ्या वर गोळा करून सैल बांधा, वर हवा जाऊ देणारं न विणलेलं कापड घ्या. त्याने दोन-तीन अंश मिळतात. त्याहून जास्त हवं असेल तर आत जुन्या प्रकारच्या, तार तापून उजेड देणाऱ्या दिव्यांची माळ सोडा. एलईडीची माळ फक्त शोभा देते, ती ऊब देत नाही. वायरचे जोड पावसापासून झाकलेले असू द्या आणि दिवे कापडाला टेकू देऊ नका. दिवसा ऊन आलं की पांघरूण उघडा. थंडीच्या आदल्या दिवशी आळ्यातली माती ओली करा, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

पाण्याचे फवारे रात्रभर चालवायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्यामागे भौतिकशास्त्र खरं आहे. पाणी गोठताना दर ग्रॅमला सुमारे 80 कॅलरी उष्णता सोडतं आणि ती पानाला मिळते. पण फवारा मध्येच थांबला किंवा वारा सुटला तर उलट बाष्पीभवनाने पान आणखी गार होतं. वर बर्फाच्या ओझ्याने झावळ्या मोडतात आणि मुकुटात पाणी भरतं. बागायतदारांच्या मोठ्या व्यवस्थेचं ते काम आहे, घरच्या दोन पामांसाठी मी ते करणार नाही.

खताची खरी वेळ उन्हाळा. पालाश म्हणजे पोटॅशियम कमी असलेला पाम थंडीला लवकर बळी पडतो, हे वारंवार दिसतं. जुन्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि करपलेली टोकं दिसली तर पालाश कमी आहे असं समजा. पालाश जास्त, नत्र माफक, जोडीला मॅग्नेशियम आणि मंगल, हळूहळू सुटणाऱ्या रूपात. फ्लोरिडा विद्यापीठाची पामसाठीची शिफारस नत्र-स्फुरद-पालाश 8-2-12 आणि 4 टक्के मॅग्नेशियम अशी आहे. थंडीच्या दोन-तीन महिने आधी नत्र बंद करा.

आणि शेवटी ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं ते. क्वीन पाम गेला तर त्या जागी परत क्वीन पाम लावू नका. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर किंवा थंडीच्या पट्ट्यांच्या नकाशावर जो आकडा असतो तो सरासरीचा. अमेरिकी कृषी खात्याचा 2023 चा नकाशा 1991 ते 2020 या वर्षांतल्या सर्वांत थंड रात्रींची सरासरी दाखवतो. सरासरी म्हणजे काही हिवाळे त्याहून थंड असणारच. दर हिवाळ्याला पानं गमावणारा पाम जिवंत राहतो, पण सुंदर कधी दिसत नाही. माझा नियम असा की झाडाची क्षमता माझ्या जागेच्या वाईट हिवाळ्यापेक्षा तीन-चार अंश तरी खाली हवी.

तुमच्या जागेत ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय हा पंख्यासारख्या पानांचा पाम निर्धास्त राहील. खोड धरलेलं झाड उणे 12 च्या आसपासही टिकतं, आणि ओली थंडीही त्याला फारसा त्रास देत नाही. वनस्पती गोळा करणारे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी 1849 मध्ये चीनमधून ही जात इंग्लंडला पाठवली. आज दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात ती बागांतून निसटून जंगलात रुजली आहे. बुटकं चालणार असेल तर कॅमेरॉप्स ह्युमिलिस घ्या. तो बेटाने वाढतो, एखादं खोड गेलं तरी बाकीची राहतात, फक्त त्याला निचरा उत्तम लागतो. पिसासारखी झावळीच हवी असेल तर ब्युटिया ओडोराटा. क्वीन पामच्या जवळचा नातेवाईक, वाढ संथ, निळसर कमानदार झावळ्या, आणि उणे 8-9 पर्यंत फारशी तक्रार नाही. लावायचा तो थंडी संपल्यावर, म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी मुळांना संपूर्ण उन्हाळा मिळतो. जागा निवडताना खोलगट कोपरा टाळा, थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन तिथेच साचते.

वॉशिंग्टोनियाच्या पोकळीचा फोटो तांब्याचा दुसरा हात दिल्यावर पंधरा दिवसांनी पाठवा. वरून, दिवसाच्या उजेडात, तळ दिसेल असा. तळ कोरडा आणि टणक असेल तर काहीच करायचं नाही. पुन्हा वास येत असेल तर निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत खोड वरून आडवं कापत जाण्याचा एक शेवटचा, धोक्याचा उपाय आहे. पण तो फोटो बघितल्याशिवाय सुचवणार नाही.